केमिस्ट्रीची पदवी, फिजिक्सचं मास्टर्स: मधलं अंतर कसं कापायचं

हायड्रोजन अणूचं श्रोडिंगर समीकरण मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी सोडवलं होतं. त्रिज्येचा भाग वेगळा, कोनांचा वेगळा, नोड मोजा, झालं. फिजिक्सच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक गणित आलं: तारेची उभी रिंग स्वतःच्या उभ्या व्यासाभोवती फिरते आहे, तिच्यात एक मणी ओवलेला आहे, तो कुठे स्थिर राहील? मला पहिली ओळही लिहिता येईना. शेजारच्या मुलाला टू-पी ऑर्बिटलचं चित्र धड काढता येत नव्हतं, पण त्याने चार ओळींत उत्तर काढून वही मिटली.

केमिस्ट्रीतून फिजिक्सकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की आपलं घोडं क्वांटममध्ये पेंड खाणार. तसं होत नाही. घोडं अडतं ते क्वांटमच्या आधी. लग्रांजची यांत्रिकी १७८८ची, हॅमिल्टनची १८३४-३५ची, मॅक्सवेलची समीकरणं १८६५ची. केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम ही सगळी स्टेशनं न थांबता मागे टाकतो आणि आपल्याला थेट १९२६ला, श्रोडिंगरच्या दारात उतरवतो. त्यामुळे तयारी करायची ती मुख्यतः या गाळलेल्या स्टेशनांची. पुढची सगळी पायरीवार मांडणी याच हिशेबाने केली आहे.

पायरी १: कुठल्या फिजिक्सकडे जायचं ते ठरवा

"फिजिक्स करायचं आहे" एवढ्यावर अर्ज करता येत नाही. फिजिक्सच्या काही शाखा केमिस्ट्रीच्या अंगणाला लागून आहेत, काही गावाच्या दुसऱ्या टोकाला.

लागून असलेल्या: कंडेन्स्ड मॅटर म्हणजे घन पदार्थांचं फिजिक्स, सॉफ्ट मॅटर, ज्यात पॉलिमर, कोलॉइड, जेल, लिक्विड क्रिस्टल येतात, अणू-रेणू आणि प्रकाश यांचं फिजिक्स, बायोफिजिक्स, आणि संगणकावर पदार्थांचे गुणधर्म काढणं. इथे तुमची पदवी आडवी येत नाही, उलट उपयोगाला येते. थोडं लांब: क्वांटम इन्फर्मेशन आणि ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या रेणूंचा अभ्यास. खूप लांब: कणभौतिकीचा सिद्धांत, व्यापक सापेक्षता, विश्वरचनाशास्त्र. तिथेही जाता येतं, पण एक जास्तीचं वर्ष धरून चाला. ते वर्ष कुणी फुकट गेलं म्हणालं तर दुर्लक्ष करा.

ही वाट काही नवी नाही. यूजीन विग्नरची पदवी आणि डॉक्टरेट केमिकल इंजिनिअरिंगमधली. सममितीच्या तत्त्वांवरच्या कामासाठी त्याला १९६३चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. लार्स ऑन्सागरही १९२५चा केमिकल इंजिनिअर. त्याने १९४४ साली द्विमितीय आयसिंग मॉडेलचं (जाळीवर मांडलेल्या, शेजाऱ्यांशी जोडलेल्या छोट्या चुंबकांचं सोपं मॉडेल) अचूक उत्तर काढलं, जे आजही सांख्यिकीय फिजिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतं. गंमत म्हणजे ऑन्सागरला १९६८चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. उलट दिशेने वॉल्टर कोन: माणूस फिजिक्सचा, १९९८चं नोबेल केमिस्ट्रीचं, डेन्सिटी फंक्शनल थिअरीसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढण्याच्या पद्धतीसाठी. भिंत आहे, पण तिला दारं बरीच आहेत.

म्हणून एक प्रश्न आधी विचारून टाका: विभाग खरंच बदलायला हवा का? तुम्हाला ज्या गटाचं काम आवडतं तो गट केमिस्ट्रीच्याच इमारतीत, केमिकल फिजिक्सच्या पाटीखाली बसलेला असू शकतो. तसं असेल तर निम्मी दगदग वाचली. दुसरं, सिंथेसिसचा कंटाळा हे फिजिक्सला जाण्याचं कारण होऊ शकत नाही. कॉलम लावून आणि उत्पन्नाचे टक्के मोजून कंटाळलेला माणूस लेझरच्या टेबलावर आरसे जुळवूनही तेवढाच कंटाळतो. मी वापरलेली परीक्षा अशी: मनातल्या शाखेतला चार-पाच पानांचा एक शोधनिबंध घ्यायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचं. समजणार नाहीच. पण न समजलेल्या शब्दांची यादी करावीशी वाटते का? यादी न करता कागद बाजूला पडला तर शाखा बदलून बघा, मग विषय बदला.

पायरी २: स्वतःची तपासणी

गुणपत्रिकेवरून काही कळत नाही. "फिजिकल केमिस्ट्री, चार पेपर" यात काय होतं आणि काय नव्हतं हे फिजिक्सवाल्यांना माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही आठवत नसतं. खालचे सहा प्रश्न कागदावर घ्या. उत्तर पूर्ण यायला हवं असं नाही. पहिल्या तीन ओळी न अडखळता येतात का, तेवढंच बघा.

१. फिरत्या रिंगमधला मणी: लग्रांजियन लिहा आणि स्थिर जागा काढा.
२. विद्युतभार नसलेला धातूचा गोळा एकसमान विद्युतक्षेत्रात ठेवला. बाहेरचं पोटेन्शियल काय?
३. हार्मोनिक ऑसिलेटरच्या ऊर्जापातळ्या हर्माइट बहुपदी न वापरता, फक्त चढत्या-उतरत्या ऑपरेटरांनी काढा.
४. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो. मग वातावरणात कित्येक किलोमीटर उंचावर तयार झालेले म्यूऑन जमिनीवर कसे पोचतात?
५. कोसाइन एक्स भागिले एक अधिक एक्सचा वर्ग, याचं उणे अनंत ते अधिक अनंत इंटिग्रल. (उत्तर पाय भागिले ई येतं, प्रश्न आहे तो कसं येतं याचा.)
६. एकमितीय आयसिंग साखळीचं पार्टिशन फंक्शन.

केमिस्ट्रीच्या चांगल्या पदवीधराला साधारण सहावा अर्धा येतो, तिसरा ऐकून माहीत असतो आणि पहिल्या दोनांवर तो गप्प बसतो. माझं अगदी तसंच झालं होतं. जीआरई फिजिक्स या, मुख्यतः अमेरिकेतल्या प्रवेशांसाठीच्या परीक्षेची विषयवारी पाहिली तरी हेच दिसतं: मेकॅनिक्स सुमारे २० टक्के, विद्युतचुंबकत्व सुमारे १८ टक्के. म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश पेपर आपण गाळलेल्या स्टेशनांवरचा. बरेच विभाग आता ही परीक्षा मागत नाहीत, पण आरसा म्हणून ती चांगली आहे.

पायरी ३: गणित, पण सगळं नाही

इथे लोक दोन चुका करतात. एक तर गणित टाळतात, नाहीतर "आधी गणित पक्कं करतो" म्हणून वर्षभर गणितातच बुडून राहतात. मी दुसऱ्या जातीचा. चार महिने मी रिअल ॲनालिसिसच्या सिद्धता पाठ करत बसलो आणि त्यातली एकही फिजिक्समध्ये कामाला आली नाही.

लागतं ते एवढं: व्हेक्टर कॅल्क्युलस, ग्रेडियंट-डायव्हर्जन्स-कर्ल आणि गाऊस-स्टोक्सची प्रमेयं, हात न थांबता. लिनिअर अल्जिब्रा: आयगेनव्हॅल्यू, पाया बदलणं, हर्मिशियन मॅट्रिक्स. दुसऱ्या क्रमाची डिफरन्शियल समीकरणं. फुरिये रूपांतर. आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, त्यातही मुख्यतः रेसिड्यू. टेन्सर लागतील तेव्हा लागतील.

फुरियेला घाबरू नका, तुम्ही ते रोज वापरलं आहे. एनएमआरमध्ये मशीनमधून येतो तो विरत जाणारा काळावरचा सिग्नल. स्पेक्ट्रम म्हणून छापून येतं ते त्याचं फुरिये रूपांतर. सिग्नल लवकर विरला तर शिखर रुंद होतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. काळात आखूड ते वारंवारतेत रुंद, हे त्या रूपांतराचं हृदय आहे आणि अनिश्चिततेच्या तत्त्वामागचं गणितही तेच. फिजिक्सच्या वर्गात हे पुस्तकातून शिकणारी मुलं असतात. तुम्ही नमुना खराब करून शिकलेले असता.

गणिताला तीन महिने पुरतात, तेही पायरी ४च्या बरोबरीने. वेगळं नको. डायव्हर्जन्स शिकण्याची योग्य जागा विद्युतक्षेत्र आहे.

पायरी ४: गाळलेली दोन स्टेशनं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पूर्णवेळ अभ्यास करत असाल तर चार ते सहा महिने, नोकरी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष सांभाळून असेल तर वर्ष.

आधी मेकॅनिक्स. न्यूटनचे बल आणि त्वरण तुम्हाला येतात, पण फिजिक्सचं मास्टर्स ती भाषा जवळपास बोलतच नाही. तिथे सुरुवात होते गतिज ऊर्जा उणे स्थितिज ऊर्जा, म्हणजे लग्रांजियन, इथून. मणी-रिंगचं गणित घ्या. एकच कोन, एकच समीकरण. रिंग सावकाश फिरत असेल तर मणी तळाशीच स्थिर. फिरण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण भागिले त्रिज्या याहून मोठा झाला, की तळ अस्थिर होतो आणि मणी डावीकडे किंवा उजवीकडे वर सरकतो. इफेक्टिव्ह पोटेन्शियलचा, म्हणजे फिरण्याचा परिणाम धरलेल्या पोटेन्शियलचा आलेख काढून बघा: एका खड्ड्याचे दोन खड्डे होतात. हे चित्र पुढे तुम्हाला चुंबकाच्या फेज ट्रान्झिशनमध्ये, लँडाऊच्या सिद्धांतात, जसंच्या तसं भेटणार आहे. एवढ्याशा मण्यात सममिती मोडण्याची अख्खी गोष्ट आहे. मला हे कळायला परीक्षा उलटून जावी लागली.

मेकॅनिक्समध्ये क्रम असा ठेवा: लग्रांजियन, छोटी दोलनं आणि नॉर्मल मोड, मध्यवर्ती बल, दृढ पिंडाचं फिरणं, हॅमिल्टोनियन, पॉइसन ब्रॅकेट. यातले नॉर्मल मोड तुमचे घरचे आहेत: कार्बन डायऑक्साइडची सममित ताण, असममित ताण आणि वाक ही तीच गोष्ट. पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे मोड कॅरेक्टर टेबलवरून ओळखता येतात; आता तेच वस्तुमान-स्प्रिंगच्या मॅट्रिक्समधून काढा आणि दोन्ही उत्तरं जुळवा. एक संध्याकाळ जाईल, पण दोन विषयांमधला पूल पक्का होईल. पॉइसन ब्रॅकेट कंटाळवाणा वाटेल. सोडू नका. क्वांटममधला कम्युटेटर कुठून टपकला हे केमिस्ट्रीत कुणी सांगत नाही. तो इथून येतो.

मग विद्युतचुंबकत्व. इथे केमिस्ट्रीवाल्यांची खरी दमछाक होते, कारण आपलं शालेय ज्ञान कूलोंबच्या नियमापाशी आणि डायपोलपाशी गोठलेलं असतं. पुन्हा एक ओळखीचा दरवाजा: प्रश्न दोनमधला धातूचा गोळा. बाहेरचं पोटेन्शियल लेजांद्र बहुपदींत उलगडायचं. या बहुपदी तुम्हाला हायड्रोजनच्या कोनांच्या भागातून माहीत आहेत, फक्त तिथे त्यांचं नाव ऑर्बिटलच्या आकारामागे लपलं होतं. उत्तरात मूळ क्षेत्राखेरीज उरतं एकच पद, डायपोलचं, आणि त्याची ताकद त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात निघते. आता आठवा: रेणूची पोलरायझेबिलिटी तक्त्यांमध्ये घन अँगस्ट्रॉममध्ये का देतात? कारण गोळ्याचं हे गणित. मोठा, सैल इलेक्ट्रॉन-ढग असलेला अणू जास्त पोलरायझेबल, हे वाक्य आपण पाठ केलं होतं. इथे ते सिद्ध होतं.

पुढचा क्रम: सीमा-अटींची गणितं, पदार्थातली क्षेत्रं, चुंबकत्व, मॅक्सवेलची चारही समीकरणं, त्यांतून तरंग, मग प्रारण. विशेष सापेक्षता इथेच, याच विषयाच्या शेवटी घ्या; मॅक्सवेलच्या समीकरणांतूनच तिची गरज उभी राहिली होती. व्हेक्टर पोटेन्शियल आणि गेज यांवर घाईने जाऊ नका, क्वांटममध्ये चुंबकीय क्षेत्र घालायचं म्हटलं की तेच लागतात.

अभ्यासाची पद्धत? वाचन कमी, गणितं जास्त. केमिस्ट्रीत उत्तर "माहीत असणं" ही खरी ताकद असते: कुठला अभिकारक, कुठला रंग, कुठला अपवाद. अपवादांची स्मरणशक्ती ही आपली कमाई आहे आणि ती हिणवण्यासारखी नाही. पण फिजिक्सचा पेपर माहिती जवळपास विचारतच नाही. तो दिलेल्या दोन ओळींपासून पुढे काढून दाखवा म्हणतो. सोडवलेलं उदाहरण वाचून मान डोलावणं म्हणजे अभ्यास नव्हे. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, पुन्हा काढा. आठवड्याला दहा-बारा गणितं, त्यातली दोन तरी न सुटणारी.

पायरी ५: क्वांटम नव्याने

येतं म्हणून गाळू नका आणि नवीन म्हणून पहिल्यापासूनही सुरू करू नका. तुम्हाला येतं ते क्वांटम तरंगफलनांचं, ऑर्बिटलच्या चित्रांचं आहे. फिजिक्सचं क्वांटम अवस्थांचं आणि ऑपरेटरांचं आहे, डिरॅकच्या ब्रा-केट लिपीत लिहिलेलं. भाषांतर करता आलं की झालं. पी-एक्स आणि पी-वाय ही वास्तव ऑर्बिटलं म्हणजे कॉम्प्लेक्स अधिक-एक आणि उणे-एक अवस्थांची बेरीज-वजाबाकी, हे एकदा स्वतः लिहून काढा. मग कोनीय संवेगाचं बीजगणित, स्पिन, दोन कोनीय संवेगांची बेरीज. टर्म सिम्बॉल लिहिता येणाऱ्याला हे पटकन उमगतं. नवीन काय लागेल: काळावर अवलंबून असलेलं पर्टर्बेशन, स्कॅटरिंग, डेन्सिटी मॅट्रिक्स. बॉक्समधला कण आपण सोडवतो, पण बॉक्सवर बाहेरून येऊन आदळणारा कण आपल्याला कुणी शिकवलेला नसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण माझ्यासाठी सगळं इथे जुळलं. ह्यूकेलच्या पद्धतीने बेन्झीनच्या सहा पातळ्या तुम्ही काढल्या आहेत: अल्फा अधिक दोन बीटा, मग अल्फा अधिक बीटा दोनदा, अल्फा उणे बीटा दोनदा, शेवटी अल्फा उणे दोन बीटा. या सगळ्या एकाच सूत्रातून येतात: अल्फा अधिक दोन बीटा गुणिले कोसाइन, आणि कोसाइनच्या आत पूर्ण वर्तुळाचे सहा समान भाग. आता रिंग सहाऐवजी सहाशे अणूंची करा. पातळ्या इतक्या दाटतात की कोसाइनची अखंड वक्ररेषा दिसते. फिजिक्सवाले हिला टाइट-बाइंडिंग बँड म्हणतात, बीटाच्या जागी उणे टी लिहितात आणि कोसाइनच्या आतल्या संख्येला क्रिस्टल संवेग. ब्लॉखचं प्रमेय म्हणजे रिंग फिरवली तरी तीच दिसते, या गोष्टीचा परिणाम.

पुढे जा. लांब साखळीत एक-आड-एक बंध आखूड आणि लांब होतात, पॉलिअॅसेटिलीनसारखे. केमिस्ट त्याला बंधांचं आलटणं म्हणतो, फिजिसिस्ट पायर्ल्स अस्थिरता. त्यामुळे बँडच्या मधोमध फट पडते. आपल्या भाषेत होमो-लुमो अंतर, त्यांच्या भाषेत बँड गॅप. १९७९मध्ये सू, श्रिफर आणि हीगर यांनी या साखळीचं मॉडेल मांडलं, आणि टोपोलॉजिकल पदार्थ शिकवताना आज पहिलं उदाहरण म्हणून तेच घेतात. वाहक पॉलिमरसाठी २०००चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हीगर हा फिजिसिस्ट. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या वहीतली बेन्झीनची रिंग तुम्हाला इथवर आणते. घन पदार्थांच्या पेपरात मी हे उत्तर लिहिलं तेव्हा प्रथमच वर्गातल्या दोघांनी माझी वही मागितली.

सांख्यिकीय यांत्रिकीचंही असंच. पार्टिशन फंक्शन तुमच्या ओळखीचं आहे, पण ते एकट्या रेणूचं: फिरणं, कंपन, सरकणं. फिजिक्समध्ये गाडी एकमेकांशी बोलणाऱ्या कणांवर येते. फर्मी आणि बोस वितरणं, ग्रँड कॅनॉनिकल समूह, आयसिंग, फेज ट्रान्झिशन. महिनाभर पुरतो.

भाषेतले खड्डे

ही पायरी नाही, इशारा आहे. पहिल्या सत्रात माझे सगळ्यात जास्त गुण अज्ञानापायी गेले नाहीत, ते अशा ठिकाणी गेले.

थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या नियमात आपण उष्णता अधिक कार्य लिहितो, कारण कार्य प्रणालीवर केलेलं धरतो. फिजिक्सच्या बऱ्याच पुस्तकांत उष्णता उणे कार्य, कारण तिथे कार्य प्रणालीने केलेलं. उत्तरपत्रिकेत वर एक ओळ लिहून टाका, तुम्ही कुठलं धरलंय ते.

डायपोलचा बाण: केमिस्ट्रीच्या पुस्तकांत शेपटीला अधिकचं चिन्ह असलेला बाण अधिकाकडून उण्याकडे जातो. फिजिक्समध्ये उण्याकडून अधिकाकडे. माझं अख्खं एक गणित या बाणाने उलटं केलं.

एककं: किलोज्यूल प्रति मोल विसरायला शिका. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल, किंवा सुमारे ८०६६ व्यस्त सेंटिमीटर. खोलीच्या तापमानाची ऊर्जा सुमारे २५.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच सुमारे २०७ व्यस्त सेंटिमीटर. हे चार आकडे भिंतीवर चिकटवा. वायुस्थिरांक आर जवळपास दिसेनासा होतो, त्याच्या जागी बोल्ट्झमनचा के येतो. विद्युतचुंबकत्वात काही पुस्तकं गाऊसियन एककांत असतात. तिथे समीकरणांत चार पाय आणि प्रकाशाचा वेग नको तिथून डोकं काढतात. पुस्तक उघडल्यावर आधी एककं बघायची सवय लावा.

शब्दही बदलतात. रासायनिक पोटेन्शियल तिथे मोलला नाही, कणाला असतं, आणि सेमीकंडक्टरच्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव फर्मी पातळी असतं. ऑर्बिटल म्हटलं की काही जण हसतात. हसू द्या.

पायरी ६: अर्ज

ढोबळमानाने दोन व्यवस्था असतात. एकीत आधी वेगळं मास्टर्स, आणि प्रवेशासाठी फिजिक्सचे आणि गणिताचे ठरावीक क्रेडिट मोजून बघतात. दुसरीत थेट पीएचडीला घेतात, पहिलं एक-दोन वर्षं वर्ग आणि मग पात्रता परीक्षा. पहिल्या प्रकारात नियम आडवे येतात, दुसऱ्यात पात्रता परीक्षा. म्हणून पहिल्या प्रकारासाठी अर्जाआधी वर्षभर विभागाला नेमका प्रश्न विचारा: माझ्याकडे अमुक विषय आहेत, तमुक नाहीत, सशर्त प्रवेश किंवा पूरक विषय चालतील का? ईमेलला अभ्यासक्रमाचा मजकूर जोडा, विषयांच्या नावांवर सोडू नका. "फिजिकल केमिस्ट्री दोन" या नावाआड तुमचं अर्धं क्वांटम दडलेलं आहे हे त्यांना आपोआप कळणार नाही. एका विभागाने मला आधी नाही म्हटलं आणि हाच मजकूर पाठवल्यावर हो म्हटलं, हा अनुभव गाठीशी आहे.

पदवीचं वर्ष शिल्लक असेल तर फिजिक्स विभागातला एक तरी पेपर रीतसर घ्या, परीक्षेसकट. मेकॅनिक्स किंवा विद्युतचुंबकत्व, दुसरं काही नको. त्यातले चांगले गुण म्हणजे पुरावा, आणि तिथले शिक्षक म्हणजे शिफारसपत्र. तीन पत्रांपैकी एक फिजिक्स किंवा गणिताच्या माणसाचं असावंच. केमिस्ट्रीच्या मार्गदर्शकाने पत्रात तुमची मेहनत नव्हे तर परिमाणात्मक काम लिहावं, यासाठी त्यांना तुमच्या गणितांची, कोडची, विश्लेषणाची आठवण करून द्या. लाजू नका, तेही व्यापात असतात.

निवेदनात नमनाला घडाभर तेल नको. "लहानपणी आकाशाकडे बघताना" ही ओळ वाचणाऱ्याने त्याच दिवशी चाळीसदा वाचलेली असते. केमिस्ट्रीला नावं ठेवू नका, ती सोडून पळणारा माणूस उद्या फिजिक्सही सोडेल असं वाटतं. सरळ लिहा: अमुक प्रयोगात किंवा गणनेत हा प्रश्न पडला, त्याचं उत्तर शोधायला हे फिजिक्स लागतं, त्यासाठी मी हे हे शिकलो, एवढं अजून शिकायचं आहे. उणीव स्वतःच सांगितली की ती उणीव वाटत नाही, आराखडा वाटतो. मग तुम्ही काय घेऊन येता ते: निर्वात यंत्रणा, हवा न लागू देता नमुना हाताळणं, स्पेक्ट्रोस्कोपी, क्ष-किरण विवर्तन, क्रिस्टल वाढवणं. घन पदार्थांच्या प्रयोगशाळेत चांगला नमुना बनवणारा माणूस कायम हवा असतो.

पायरी ७: पहिलं सत्र

मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम हे तीनही एकदम घेऊ नका, विभागाने परवानगी दिली तर. मी घेतले आणि नाताळापर्यंत झोप विसरलो. दोन घ्या, त्यातलं एक क्वांटम, म्हणजे एक पेपर तरी श्वास घेऊ देतो. राहिलेलं पुढच्या सत्रात.

पदवीच्या पातळीचा मेकॅनिक्सचा वर्ग त्याच इमारतीत चालू असतो. मागच्या बाकावर जाऊन बसा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, वयाने लहान मुलं बघतात; तिसऱ्या दिवशी तीच मुलं तुम्हाला एन्ट्रॉपी विचारायला येतात.

गृहपाठाचा गट पहिल्याच आठवड्यात शोधा. एकट्याने सोडवून दाखवण्याची ईर्षा इथे महाग पडते. देवाणघेवाण सोपी असते: तुम्ही त्यांना ग्रुप थिअरी आणि कॅरेक्टर टेबल समजावा, ते तुम्हाला ग्रीनची फंक्शन समजावतील. माझ्या गटात शुक्रवारी संध्याकाळी मी बिंदुगटांवर तासभर बोलायचो आणि शेजारचा तो मुलगा, मण्यावाला, माझी विद्युतचुंबकत्वाची गणितं तपासायचा. एका शुक्रवारी त्याने पाण्याच्या रेणूचे कंपन-मोड स्वतः काढले आणि त्याच रात्री मी फिरत्या रिंगचं गणित पुस्तक न उघडता सोडवलं. नंतर आम्ही रिंगचा अक्ष तिरका केला तर काय होईल यावर रात्री दीडपर्यंत भांडलो.